आठ अक्षरांत

नाव टाका, म्हणाला खेळ. जागा आठच अक्षरांची,
तीही इंग्रजी.
वैजयंती मावेना. शेवटची 'ती' बाहेर राहिली,
आत गेली वैजयन.
तेव्हापासून रोज साडेदहाला
वैजयन शेतावर जाते
आणि ती मुलुंडला, गव्हाणपाड्यात,
सोफ्यावर पाय घेऊन बसते.

यंत्र कौस्तुभचं जुनं. भाचा माझा.
मावशी, यात कुणी मरत नाही, कुणी मागे लागत नाही,
नुसतं पेरायचं आणि झोपायचं. तुला बरं.
मीही बरं म्हटलं.

दिवसा मी दस्त नोंदते.
चटई क्षेत्र तीनशे बारा चौरस फूट, पार्किंग नाही,
डावा अंगठा इथे. कॅमेऱ्याकडे बघा. साक्षीदार कुठायत?
दिवसाला चाळीस अंगठे.
जमीन कुणी पाहिलेली नसते,
जमीन तेराव्या मजल्यावर असते.

रात्री अंगठा माझा, बटणावर.
टप्, एक सरी. टप्, एक सरी.
सलगमाला चार दिवस, भोपळ्याला तेरा.
झारी चौदा वाफ्यांना पुरते, मग तळ्यावर जायचं.
झारी बुडताना जो आवाज येतो
त्यासाठी मी भरलेलीही परत भरते.
इथे ग्रिलवर, रंगाच्या डब्यात, कढीपत्ता होता.
तो सुकला. कबूल करते.

गावात टपाल बघते मिरेल.
सबंध उन्हाळा बोलली नाही माझ्याशी.
मुळे दिले, परत केले. मासा दिला, नाक मुरडलं.
आलुबुखाराचा मुरंबा मात्र ठेवून घेतला
आणि तिच्या नावापुढे एक बदाम लाल झाला.
घरात एकटी असून मी टाळी वाजवली.
मग दुसरा. तिसरा.
आधी दारातूनच, मग पायरीवर, मग आत, चहा.

पाचव्या बदामाच्या रात्री तळ्याकाठी म्हणाली,
तू भोपळे लावतेस ना, वैजयन, ते वावर माझं होतं.
तुझ्या काकानं घेतलं. फसवलं नाही, भाव बरा दिला.
फक्त कोपऱ्यातलं नाशपातीचं झाड
मी विकलं नव्हतं
असं मला अजून वाटतं.

पडद्यावर दोन ओळी आल्या.
झाड तिला दे.
गप्प राहा.

पाऊण वाजला होता. कंट्रोलर मांडीवर ठेवला.
मला उत्तर पाठ आहे:
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.
बावीस वर्षं हे वाक्य डोळ्यांखालून जातंय.
तरू म्हणजे झाड,
हे मात्र त्या रात्री कळलं.

दिलं.
मुद्रांक नाही, शिक्का नाही,
साक्षीला एक बदक, तेही झोपलेलं.
मिरेल काही बोलली नाही. मागचं संगीत किंचित हळू झालं.
तिथल्या सकाळी ती पहिल्यांदाच शेतात आली,
झाडाखाली टपालाची पिशवी टेकवून बसली
आणि मी तिच्या भोवतीनं पाणी घालत राहिले.

अजून एकच दिवस, अजून एकच, म्हणता म्हणता
तिथे बर्फ पडला
आणि इथे सव्वापाचला नळ सूं करून वाजला.
पिंप लावलं. डोळे चुरचुरत होते.

अकराच्या टोकनला तोरसकर बाई, खोली विकणाऱ्या.
सगळे कागद बरोबर. तरी विचारलं,
फॉर्मात नसलेलं,
घरात तुमचं काही राहिलंय का?
बाई थोडा वेळ पंख्याकडे बघत होत्या.
झोपाळ्याच्या कड्या, म्हणाल्या.
स्लॅबमध्येच आहेत. निघत नाहीत.

मग अंगठा टेकवला.
मशीननं घेतला नाही.
पुसून परत लावा, मी म्हटलं. सावकाश.