पासंग

टेशीच्या सुताराने एवढंच विचारलं,
"कोणत्या वजनातला करू?"

शवपेटी ग्लोव्हच्या आकाराची, हे ठरलं होतं.
लाल कातडी रंग, पांढऱ्या नाड्या, मनगटापाशी झाकण.
पण सहा औंसांचा ग्लोव्ह की आठ,
बुकोमच्या गल्लीत कुणाला सांगता येईना.

अयिकुमा ओडार्टे.
तीन वजनांत जगज्जेता,
चौथ्यात हरलेला.

जिमबाहेरच्या बाकावर तीन दिवस त्याला तोलणं चाललंय.
सोवा न्हावी म्हणतो, एकशे अठरा पौंडांतला तो खरा,
पुढचं सगळं पैशासाठी.
टाविया म्हणतो, एकशे सव्वीसचा पट्टा घेतला, पण कुणाकडून?
ज्यांच्याशी भिडायला हवं होतं
ते तोवर आपापल्या गावी कोंबड्या पाळत होते.
एकशे तीसबद्दल कुणी भांडत नाही,
ती लढत कुणी पाहिलीच नव्हती,
रेडिओ सहाव्या फेरीत बंद पडला होता.
आणि मग कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतो,
"आताची पोरं त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत."
त्यावर सगळे माना डोलावतात.
चहा मागवला जातो.

मी बोलत नाही.
एकशे पस्तीसच्या त्या रात्री
तिसऱ्या पंचाच्या खुर्चीत मी होतो.
एका पंचाने याला दिली, एकाने त्याला.
माझ्या कागदावर एकशे त्रेचाळीस, एकशे बेचाळीस.
एक गुण.
तो कुठे गेला ते मला ठाऊक आहे.
अकराव्या फेरीत समोरच्याचा डावा डोळा मिटला,
त्याला ठोसा येताना दिसेना,
आणि अयिकुमा अर्धं पाऊल मागे सरला.
हात खाली नाही घेतले,
फक्त मारायचं थांबला, चार-पाच श्वास.
मी लिहिलं: कमी पडला.
नियमाने बरोबर होतं.
आजही बरोबरच आहे.

त्याच्या पहिल्या पट्ट्याच्या आठवड्यात होमोवो होता,
भुकेची हुर्यो उडवायचा आमचा सण.
दारोदार क्पोक्पोई शिंपडत होते, पाम तेलाने लाल झालेलं,
आणि तो रबरी कोट घालून किनाऱ्यावर धावत होता,
बाटलीत थुंकत होता,
पाव पौंड, अजून पाव पौंड.
सगळं गाव भुकेला हसत होतं
आणि ती मुकाट्याने त्याच्या पोटात येऊन बसली होती.

कोर्ले बूच्या इस्पितळात शेवटी भरला एकशे नऊ.
इतकं हलकं वजन त्याने कधीच केलं नव्हतं.
नर्सने आकडा मोठ्याने वाचला
आणि सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला.

काल डेन्सुआकडे गेलो, त्याच्या बहिणीकडे.
धुराच्या भट्टीपाशी मासे तोलत होती.
लहानपणी ती त्याला याच तराजूत बसवायची,
एका पारड्यात तो, दुसऱ्यात सुरमईची टोपली.
डाव्या पारड्याखाली सुतळीने एक खडा बांधलेला.
"पारडी पहिल्यापासून सारखी नव्हती," ती म्हणाली,
"नऊ वर्षांचा असताना समुद्रावरून त्यानेच शोधून आणला.
अकरा खडे लावून पाहिले होते.
हा बसला."
मी तो बोटाने हलवला.
काजूएवढा असेल. थोडा तेलकट.
"गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली, "हात काढ."

आज सुताराने पुन्हा निरोप धाडला.
लाकूड कापून ठेवलंय, शनिवारी मिरवणूक, ढोलवाले ठरलेत.
मी बसने टेशीला गेलो.
म्हणालो, मूठ घट्ट वळू नकोस.
बोटं जराशी उघडी ठेव,
मारता मारता थांबल्यासारखी.
अकराव्या फेरीतला कर.

त्याने पेन्सिल कानामागे खोचली,
माझ्याकडे बघत राहिला.
"म्हणजे किती औंस?"