चार बोटांचं अंतर

दुपारी चारला रीगात रात्र होते.
आगेन्सकाल्न्समधल्या लाकडी घरात, वरच्या मजल्यावर,
दोन स्पीकर आणि एक खुर्ची यांच्या त्रिकोणात
झिंत्रा डोळे मिटून बसलेली.
चौतीस बायका गात होत्या, चर्चच्या दगडी थंडीत,
मागच्या उन्हाळ्यात.

तिने बटन केसभर फिरवलं.
बारा हजारांच्या वर, अर्धा डेसिबल.
"हं," म्हणाली, "आता हवा आली."
खिडकीची कडी काढल्यावर माणूस म्हणतो तसं.

त्या प्लगिनचा दिवा बंद होता.
बटन फिरलं, सूर जागचा हलला नाही;
माझ्या पडद्यावर नवी हिरवी रेघ
जुन्या रेघेवर तंतोतंत निजलेली.

मी बोललो नाही.
ती त्रेसष्टची, मी सव्वीसचा.
तिने चुंबकी फीत ब्लेडने कापून जोडलीय,
मी अजून शेवचीज धड कापत नाही.

माझीही लायकी सांगतो.
नोव्हेंबरात अर्ध्या महिन्याचं भाडं देऊन
मी एक कॉम्प्रेसर घेतला, जुन्या यंत्राची नक्कल,
पडद्यावर रंगाचे पोपडेसुद्धा हुबेहूब काढलेले.
भेटेल त्याला सांगत सुटलो: ऊब बघा, ऊब!
पुरावा कशाला?
हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आरसा झिंत्राने धरला, त्याच संध्याकाळी.
"तुझा लाव. फुकटातला लाव.
एकाला उलटं कर आणि मिळव."
सारखं सारख्याला खाऊन टाकतं, फरक तेवढा उरतो.
काही उरलं नाही.
सुई तळाशी.
खोलीभर शांतता, माझ्या अर्ध्या भाड्याची.

मी कानाला खडा लावतच होतो
तेवढ्यात तिने मान तिरपी केली.
"कुठेतरी शिट्टी वाजतेय."
केबली उपटल्या. फ्रिज बंद केला.
खालच्या ओल्गर्ट्सला रेडिओ बंद करायला सांगून आलो,
तो म्हणाला, लावलाच नाही.
सुई तळाशी.
मग ती हसली, जरा उशिरा:
"अरे, ती माझीच."

मी एक शुद्ध सूर लावला आणि चढवत नेला.
चार हजार. नाही.
पाच. जवळ आलास.
पाच हजार आठशे सत्तर.
"हीच. हीच रे ती, रात्री उशाशी असते."
जी कुठल्याच मायक्रोफोनला मिळाली नसती
ती मी वहीत पेन्सिलीने टिपली,
वाण्याची उधारी टिपावी तशी.

ती बराच वेळ गप्प.
मग कपाटातून जुन्या तबकड्या काढल्या, सात.
एकेक रेघ पडद्यावर आली
आणि प्रत्येकीत, पाच-सहा हजारांच्या मध्ये,
एक खळी.
अंगठा रुतावा तेवढीच.
आतली शिट्टी बाहेरची समजून
ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सुरांतून वजा करत आलेली.

"म्हणजे माझ्या तागडीत पासंग आहे," म्हणाली.

पण या खळीलाच लोक मऊपणा म्हणत.
लांबून, थेट तार्तूहून, गायक यायचे,
झिंत्राचा हात लागू दे म्हणायचे.
हे मी तिला सांगितलं.
तिने तळहात माझ्या गालावर आडवा धरला:
डोळा आणि कान, चार बोटांचं अंतर.
"तुझी साडेचार भरतात," म्हणाली,
आणि चहा ठेवायला गेली.

ती गेल्यावर मी तो दिवा लावला.
गुपचूप. अर्धा डेसिबल, आता खराखुरा.

एक गोष्ट सांगायची राहिली.
मघाशी, दिवा बंद असताना,
रेघ डोळ्यांसमोर स्थिर असताना,
हवा मलाही ऐकू आली होती.

ती कप घेऊन परतली, खुर्चीत बसली, डोळे मिटले.
चौतीस बायकांनी श्वास घेतला.
"हे काय," म्हणाली,
"हवा जरा जास्त झाली."