तिसरा खांब

तांडापेठेत मी नकाशा घेऊन गेलो तेव्हा
त्यात दुमजली समाजभवन होतं,
समोर काच, मागं एसीचे डबे,
आणि एक फाटक, स्टीलच्या अक्षरांसकट.
शेवंताबाई पौनीकरांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.
"चार वाजता सावली कुठं पडते जी याच्यात?"

मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सेहेचाळीस अंशांत,
क्रिकेटवाल्या पोरांकडून चुन्याची फक्की मागून
आम्ही कडुनिंबाची सावली आखत बसलो.
दर तासाला एक रेघ.
दिवेलागणीला त्या मोकळ्या जागेवर
कुणीतरी मोठा शिंपला पालथा घातल्यासारखं दिसत होतं.

जिथं जिथं खांब येणार, तिथं पोरं उभी केली.
तिसरा खांब, म्हणजे गुड्ड्या हेडाऊ,
तळपाय भाजले तसा दोन पावलं सरकला.
मी ओरडलो.
नत्थूजी बिडी विझवत म्हणाले, "राहू द्या न साहेब,
खांबाले समजलं, तुमालेच नाही समजून राहिलं."
तो खांब आजही दोन पावलं सरकलेलाच आहे.

ओट्याची उंची नत्थूजींच्या गुडघ्यानं ठरली,
उजव्या, ऑपरेशन न झालेल्या.
विटा त्यांच्याच पाडलेल्या मागाच्या खोलीतल्या,
काहींना अजून खळीचा वास.
लांबी एका ताण्याची:
गल्लीत ताणा पसरायचे तेव्हा लागायची तेवढी.
आता कुणी पसरत नाही,
पण लग्नाची पंगत बरोब्बर मावते.

फाटकाच्या पैशात चार रांजण आले, वाळ्याचे पडदे आले.
उद्घाटनाला आलेले पाहुणे हातात कात्री घेऊन
फीत कुठं बांधलीय ते शोधत राहिले.
दारच नव्हतं.

माझं चुकलं ते वेगळंच.
आषाढात कळलं,
सिमेंटचा नवा रस्ता अंगणाहून वीतभर वर आहे.
सगळ्या पेठेचं पाणी आत.
मी अंदाजपत्रक, टिपणी, मंजुरी करत होतो तोवर
बायांनी छिन्नी-हातोडीनं एक चर खोदला,
वाकडातिकडा, कडुनिंबाच्या बुडापर्यंत.

माझ्या नकाशात तो नव्हता.
परवा जाऊन काढून घेतला.
पेन्सिलीनंच.
शाईचा पेन उघडत होतो तर शेवंताबाई म्हणाल्या,
"थांबा जी,
झाडाच्या मुळ्या फुगल्या का वळवा लागन."