पाण्याची गोळी

हरकूबाई, हात टेबलावर ठेवा,
बांगड्या वर सरकवा, मिनिटभर बोलू नका.
पट्टा फुगतो, फुसफुसत सुटतो.
एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.

गोळी घेता ना?
घेते की.
रोज?
घेते म्हनलं ना गो.

मी कार्डावर लिहायला घेते,
औषध लागू पडत नाही, डोस वाढवावा,
आणि पेन थांबतं.
एकोणीस वर्षं झाली वेसाव्याच्या या दवाखान्यात.
बाई सहसा खोटं बोलत नाही,
आपलाच प्रश्न ढिला असतो.

दोन्ही घेता? पांढरी, आणि ती बारकी पिवळी?

पिवळी रविवारी, म्हणाल्या.

पिवळी म्हणजे पाण्याची.
ती सकाळी द्यावी, रुग्णाला रात्री उठावं लागत नाही,
असं आम्ही वहीत उतरवून घेतलेलं.
यांची सकाळ साडेतीनला, टेम्पोत,
भाऊच्या धक्क्यावर लिलाव,
मग पार्ल्याच्या बाजारात फळीवर एकपर्यंत.
बायकांच्या संडासाला कुलूप.
चावी कुणाकडे?
हसल्या. चावीवाला कुनी बगलाय?
पानीपन नाय पीत मी दुपारपर.

डॉक्टरांना विचारून आले.
पिवळी आता दुपारी दोनला, घरी पोचल्यावर, रोज.
कार्डावर 'इतर तक्रारी'समोर लिहिलं:
बाजारात संडास बंद.
त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
सही केली.

मिठाचं मी नेहमी शेवटी काढते.
सुकट दोन पाण्यांत धुवा, खारा बोंबील कमी.
त्यांनी आपले हात पाहिले,
मिठानं बोटांच्या पेरांत पडलेल्या भेगा,
आणि काही बोलल्या नाहीत.
मीही पुढे रेटलं नाही.

घोटे सुजले तर या. कोरडा खोकला लागला तरी या.
बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही.
आणि झोपेतून उठताना एकदम उभं राहायचं नाही,
आधी बसा, पाय खाली सोडा, थांबा,
नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते, पडाल.

होरीत उठतांव तसा?
म्हणजे?
लाट खालून गेल्याबिगर उठाचा नाय.

हो, म्हटलं, तसंच.
इतक्या वर्षांत मला हे इतकं नीट
कुणाला सांगता आलं नव्हतं.

पाटी बाहेर ठेवली होती, मांजर घोटाळत होतं.
घाईत स्टुलावरून उठल्या,
अर्ध्यात थांबल्या,
टेबलाची कड धरली
आणि एक लाट जाऊ दिली.