वादी

कोर्टात वादी म्हणजे तक्रार घेऊन आलेला.
आमच्या ठक्करबाप्पात वादी म्हणजे चामड्याची अरुंद पट्टी,
जी तक्रार करत नाही,
ताणली की नुसती थोडी वाढते.
आप्पा म्हणतात, नवी वादी आधी ताणून घे,
नाहीतर गिऱ्हाइकाच्या अंगावर ढिली पडते
आणि नाव कारागिराचं जातं.

ओजसच्या परीक्षेच्या पॅडला वर चिमटा आहे.
त्यात दोन वाद्या अडकवल्या,
मध्ये मण्यापुरती जागा.
सुई वादीखालून, मण्यातून, पलीकडच्या वादीला वळसा,
आणि परत त्याच मण्यातून उलटी.
एका मण्यातून दोरा दोनदा जातो,
म्हणून मण्याचं भोक आधी बघायचं, रंग नंतर.
हे मला तीनशे ग्रॅम मणी वाया गेल्यावर कळलं.
मसजिद बंदरला निळे म्हणून घेतले होते,
घरी ट्यूबखाली हिरवे निघाले. असो.
हिरवेही खपतात.

आप्पांनी वादी नाकाशी नेली.
मेंढी, म्हणाले. रंग घाईत दिलाय.
मोतीबिंदूनं डोळे गेले, नाक अजून कामावर जातं.
मग विचारलं, कुठल्या पायाची?
पायाची नाही आप्पा, हाताची.
हातात चामडं?
गप्प बसले. मग म्हणाले,
घड्याळ तरी लाव त्याला.

चाळीस वर्षं सायनला, दवाखान्याच्या भिंतीला टेकून,
पेपरावर पाय ठेवायला लावून
पेन्सिल फिरवली त्यांनी कडेनं.
टाचा, भेगा, कुरूप, सुजलेले घोटे,
लग्नातल्या नवरदेवाचा मेंदी लावलेला अंगठा.
पाय लोक सहज पुढे करायचे.
सुट्टे पैसे मात्र वरून पडायचे,
फडक्यावर, आवाज न होता.
आप्पा ते मोजायचे नाहीत. आई मोजायची, रात्री.

शुक्रवारी वेरोनिका आली, पेस्तम सागरहून,
तिचं तीन वेढ्यांचं ब्रेसलेट न्यायला.
जिना चढून धापा टाकत,
मोरीपाशी चपला काढून थेट खाटेवर बसली, आप्पांच्या शेजारी.
माझी बोटं मेणानं चिकट.
म्हटलं, आप्पा, तेवढं बटण लावा.
तिनं हात त्यांच्या मांडीवर ठेवला,
तळवा वर करून,
जसा कोणीही ठेवेल.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं,
म्हणजे आवाजाच्या दिशेला.
पाणी प्यायला दे हिला, म्हणाले.
मी उठले नाही.
मग एक बोट पुढे आलं, मग दुसरं.
आरी धरून धरून वाकडी झालेली ती बोटं
एरवी पेलाभर चहाही सांडतात.
वेढा. वेढा. अजून एक.
बटण फासात गेलं.
घट्ट होतंय का, पोरी?
नाही हो काका, बरोब्बर.
तिनं पैसे त्यांच्याच हातात दिले
आणि गेली, घाईत, तिला पार्लर उघडायचं होतं.
तिला काही कळलंही नसेल.

नोटा बराच वेळ त्यांच्या मुठीत राहिल्या.
मग म्हणाले, नाडी लागते गं मनगटाला.
पायाचं माप घेताना
नाडीकडे कधी लक्ष गेलं नाही.

त्या रात्री चुकलेला एक तुकडा काढला.
त्रेसष्टाव्या मण्यापाशी मी एक टाका सोडलाय,
तिथे वादी जरा उघडी पडते.
विकता यायचा नाही.
झोपलेल्या आप्पांच्या हातात घालून बघितला.
माप दोन वेढ्यांचं होतं, माझ्या हाताचं.
तिसरा वेढाही बसला,
आणि वर बोटभर वादी उरली.

सकाळी त्यांनी तो चाचपला,
त्रेसष्टाव्या मण्यापाशी अंगठा थांबला.
इथे टाका सुटलाय, म्हणाले.
उसव.