मार्चमधले बटाटे

माझं नाव तूली, म्हणजे वारा.
तिचं नाव वारा, म्हणजे तारा.
पहिल्या संध्याकाळी एवढंच कळलं एकमेकींना,
तेही मध्ये शब्दकोश ठेवून.
मग यौकोने कॉफी ओतली.

अर्जात होतं: वय सतरा, गाव ओरुरोजवळ, बोलिव्हिया,
ॲलर्जी नाही, मांजर चालेल.
‘काय आवडत नाही’च्या पुढे
दोनच शब्द: एकटीने जेवणं.
आम्ही ते वाचलं होतं, समजलं नव्हतं.
कुह्मोत जो तो आपली बशी गरम करतो,
खिडकीपाशी उभ्याने खातो, विसळून ठेवतो.
ती मात्र सूप निवेपर्यंत बसून राहायची,
कुणीतरी येईल म्हणून.
तिसऱ्या आठवड्यात यौको खुर्ची ओढून बसला.
मला पंचवीस वर्षांत जमलं नव्हतं ते
निवलेल्या सुपाने केलं.

खोली इल्मारीची. तो त्याच ऑगस्टमध्ये
ताइनानला गेला,
दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या खोलीत.
फोनवर म्हणाला, “आई म्हणते, गरम पाणी पीत जा.”
मी कधी म्हटलं?
पलीकडे जरा शांतता.
“इथली आई.”
बरं, म्हटलं. चांगलंच सांगते.
मग उगाच कपाट आवरायला काढलं,
हातमोज्यांच्या जोड्या लावल्या.
एक सापडेना.

वाराची आई जानेवारीत पडद्यावर आली.
ती स्पॅनिशमध्ये पुष्कळ बोलली, मी फिनिशमध्ये थोडं.
मग तिने एक बटाटा धरला समोर, जांभळा.
मी उठून माझा आणला, पिवळा.
दोघी बघत राहिलो.
पोरगी मध्ये बसून हसत होती.

मार्चमध्ये दिवसा लख्ख ऊन, रात्री उणे अठरा.
वाराने बारके बटाटे निवडून
व्हरांड्यात फळ्यांवर पसरले.
केर्त्तूचा फोन आला, “अगं, बटाटे बाहेर राहिलेत तुझे.”
राहू देत, म्हटलं,
जसं काही मला कारण माहीत होतं.
कावळ्यांसाठी यौकोने वरून
मासेमारीचं जुनं जाळं टाकलं.
चार रात्री गोठले, चार दुपारी पाघळले.
पाचव्या दिवशी सौना तापवला
आणि तसेच वाफाळत्या पायांनी, अनवाणी,
आम्ही तिघं त्यांच्यावर उभे राहिलो.
पायाखाली गार, मऊ, साल सुटत चाललेली,
काळपट पाणी फळ्यांमधून बर्फात.
यौको हसला. मोठ्याने.
केर्त्तूचा पडदा हलला.

“पाणी गेलं की हे दहा वर्षं टिकतात,”
वारा म्हणाली, आमच्या भाषेत.
क्रियापद चुकलं होतं.
मी दुरुस्त केलं नाही.

जूनमध्ये बसथांब्यावर ती रडली.
मी तिच्या बॅगेचा पट्टा घट्ट केला,
मग परत एकदा.
यौको ड्रायव्हरशी
रस्त्याच्या कामाबद्दल बोलत राहिला,
बस सुटायची वेळ टळून गेली तरी.

बटाटे बरणीत उरले. खडीसारखे, हलवले की वाजणारे.
एकदा रात्रभर भिजवून उकडले.
खरं सांगते, आवडले नाहीत.
मातीची चव, आणि मागून येणारा कडवटपणा.
पण संपवले. दोघांनी, बसून.
अर्धी बरणी ठेवली.

इल्मारी परतला, दाराएवढा होऊन.
मी कप पुढे केला तर
त्याने तो दोन्ही हातांनी घेतला,
माझ्याकडून असं कुणी काही घेतलं नव्हतं कधी.
कॉफी नको म्हणाला. गरम पाणी, नुसतं.
दिलं.
मग फडताळाकडे बघून,
“हे काय, दगड?”
बस, म्हटलं.
भिजायला रात्र लागते.