काना

एकशे तेरा तास झाले सत्रात.
त्याचे चौऱ्याऐंशी भरले.
७४.३४, असं यंत्र म्हणतं.
अध्यादेश म्हणतो, पंचाहत्तर.
मी काही म्हणत नाही. मी टाइप करते.

एप्रिल आहे. कूलरमधला वाळा मागच्या वर्षीचाच,
वास गेलेला, नुसता ओला.
टेबलावर सतरा वैद्यकीय दाखले,
सतराही जणांना एकाच आठवड्यात कावीळ,
सतराही जण महालातल्या एकाच डॉक्टरचे.
ते सगळे सुटले.
कावीळ नियमात बसते.

खाली हमीपत्रांचा गठ्ठा:
मी वर्गात मोबाईल आणणार नाही,
जिन्यात बसणार नाही,
शिस्तीला बाधा येईल असे वर्तन करणार नाही.
एकाने ‘वर्तन’च्या जागी ‘वर्तमान’ लिहिलंय.
मी ते तसंच फाईलला लावलं.

कुंभारे सरांचं हजेरीपुस्तक जुन्या वळणाचं.
हजर म्हणजे उभी रेघ.
गैरहजर म्हणजे शून्य.
आणि कुणी धावत येत असेल
तर ठिपका,
म्हणजे पुढे पाहू.

रोल नंबर एकोणचाळीस, लोमेश निनावे.
सात फेब्रुवारीला ठिपका.
सरांना विचारलं, हे काय धरू?
सर म्हणाले, त्या दिवशी नाव घेतलं तर
आवाज जिन्यातून आला,
‘येऊन राहिलो सर!’
वर्ग हसला. मग कोणीतरी नॅकचे कागद घेऊन आलं
आणि ठिपका ठिपकाच राहिला.

येऊन राहिलो.
आमच्याकडे माणूस असाच असतो,
जेवून राहिलेला, शिकून राहिलेला,
उन्हानं मरून राहिलेला, तरी मेलेला नसतो.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.
अध्यादेशात हा काळच नाही,
तिथे आला किंवा नाही आला.
उपकलम स्पष्ट आहे:
संदिग्ध नोंद गैरहजेरी समजावी.

समजली.

ऑफिसचं झेरॉक्स होळीपासून बंद,
म्हणून मीच डोक्याला दुपट्टा गुंडाळून
रस्ता ओलांडला, गेटसमोर,
रसवंतीला लागून जे दुकान आहे तिथे.
वीस प्रती, म्हटलं.
यंत्रावरच्या पोरानं कागद काचेवर पालथा घालायच्या आधी
वाचला. वरून खाली. बोट थांबलं.
मी रसवंतीच्या घुंगरांकडे बघत राहिले.

‘मॅडम, काना राहून गेला.’
‘काय?’
‘निनवे झालं. निनावे पाहिजे.’

कानावरचा पेन काढून
दुसऱ्या न आणि वे यांच्या फटीत
त्यानं एक उभी रेघ ओढली,
पट्टी लावल्यासारखी सरळ.
मग वीस प्रती काढल्या.
हिरवा उजेड वीसदा त्याच्या हनुवटीवरून सरकला.
तीस रुपये झाले. माझ्याकडे पाचशेची नोट.
‘राहू द्या. उद्या येसानच तुम्ही.’

सकाळी दुकान कोण उघडतं, मी विचारलं.
‘मीच. साडेसातला.
आठच्या तासाला शटर अर्धं पाडून जातो.’
अर्धं का, ते मी विचारलं नाही.

परत येऊन अंगठा लावला.
ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा.
उन्हाळ्यात माझा अंगठा असंच करतो,
सोलून निघतो. एकवीस वर्षं झाली या खुर्चीत
आणि मी रोज दोनदा अनोळखी.
तिसऱ्या वेळी पटली.

प्रतींना डिंक लावायचाय अजून.
पुस्तक उघडंच आहे,
सात फेब्रुवारी, एकोणचाळीस.
ठिपक्याची रेघ करायला
अशी किती शाई लागते.

दारातून शिपाई धनराज विचारतो,
मॅडम, यादी लागली का?

लागून राहिली, म्हटलं.